रक्तदाबाची नोंद ठेवणारे अ‍ॅप खरोखर उपयोगी पडते आहे, हे कशावरून ओळखावे?

प्रश्न : नवखी_संशोधक

नमस्कार. उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींनी घरी मोजलेले आकडे नोंदवावेत, त्यांना गोळ्यांच्या वेळांची आठवण व्हावी आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी एक अहवाल हाताशी असावा, या तीन कामांसाठी मी एक मोबाइल अ‍ॅप तयार केले आहे. ते माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा भाग आहे. माझे शिक्षण डिझाइनचे आहे, वैद्यकशास्त्राचे नाही, म्हणून या विषयात काम केलेल्यांचे मत हवे आहे.

पहिल्या टप्प्यात बारा जणांना समोर बसवून अ‍ॅप वापरायला दिले आणि शेवटी ‘सिस्टम युजेबिलिटी स्केल’ची, म्हणजे वापरसुलभता मोजणारी, प्रश्नावली भरून घेतली. सरासरी ८२ गुण मिळाले. दुसऱ्या टप्प्यात चाळीस जणांनी सहा आठवडे ते आपापल्या फोनवर वापरले. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळेच रोज अ‍ॅप उघडत होते, सहाव्या आठवड्यात मात्र रोज उघडणारे अकराच उरले. या अकरा जणांचा वरचा रक्तदाब सरासरीने ९ मिमी पारा इतका उतरलेला दिसतो. मार्गदर्शकांच्या मते वापरसुलभतेचे गुण आणि ही घट, दोन्ही मिळून निष्कर्ष समाधानकारक ठरतो. तसे लिहून टाकावे असे मलाही एकदा वाटले, पण ज्या एकोणतीस जणांनी अ‍ॅप सोडले, त्यांच्याबद्दल प्रबंधात एक ओळसुद्धा नसणे मला खटकते आहे.

वापरसुलभतेच्या गुणांना किती वजन द्यावे, त्यासोबत ‘मोबाइल अ‍ॅप रेटिंग स्केल’सारखी आणखी एखादी मोजपट्टी लावावी का, रोजचा वापर घटला म्हणजे अ‍ॅप फसले असे समजावे का, आणि दोन गट करून रीतसर नियंत्रित चाचणी घेतल्याशिवाय काही म्हणताच येणार नाही का, एवढे मला विचारायचे आहे.


उत्तर : ताळेबंद

आपल्याला जे खटकते आहे तिथूनच सुरुवात करतो, कारण मोजपट्ट्यांचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे.

अकरा जणांमधली ९ मिमीची घट तूर्त बाजूला ठेवावी, असे मी सुचवीन. याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, जो माणूस सहा आठवडे नेमाने आकडे नोंदवतो तो बहुधा गोळ्याही नेमाने घेतो, मिठाकडे लक्ष देतो आणि ठरलेल्या तारखेला डॉक्टरांकडे जातो, त्यामुळे त्याचा रक्तदाब अ‍ॅपमुळे उतरला की त्याच्या मूळच्या नेमस्तपणामुळे, हे उरलेल्यांकडे पाहून सांगता येत नाही. दुसरे कारण अधिक चकवणारे आहे. लोक अशा अभ्यासात शिरतात तेच मुळी आकडे वाढलेले असताना. रक्तदाब दिवसागणिक वरखाली होत असल्यामुळे, चढलेल्या दिवशी मोजलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा मोजला की आपोआपच त्या व्यक्तीच्या नेहमीच्या पातळीकडे सरकलेला दिसतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात, आणि त्यासाठी ना औषध लागते ना अ‍ॅप.

हे केवळ पुस्तकी भय नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या ४११ जणांपैकी एका गटाला गोळ्यांची आठवण करून देणारे अ‍ॅप दिले होते आणि दुसऱ्याला दिले नव्हते. बारा आठवड्यांनी अ‍ॅपच्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरीने १०.६ मिमीने उतरला होता. अ‍ॅप नसलेल्या गटाचा उतरला होता १०.१ मिमीने. गोळ्या नियमित घेण्यात थोडी सुधारणा दिसली, रक्तदाबात मात्र दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. या चाचणीत दुसरा गट नसता, तर दहा मिमीची घट हे अ‍ॅपचे यश म्हणून सगळीकडे मिरवले गेले असते. आपली ९ मिमीची घट या चौकटीत ठेवून पाहावी.

आता गळतीविषयी. डिजिटल आरोग्याचे संशोधक गुंथर आयसेनबाख यांनी २००५ मध्येच लिहून ठेवले आहे की इंटरनेटवरच्या आरोग्य-उपक्रमांतली गळती हा अपघात नसून त्यांचा स्वभावच आहे, आणि म्हणून ती लपवण्याऐवजी तिचाच अभ्यास व्हायला हवा. मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपच्या प्रत्यक्ष वापराचा २०१९ मधला अभ्यास सांगतो की तीस दिवसांनंतर ती उघडणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक ३.३ टक्के होता. त्या तुलनेत चाळीसपैकी अकरा हा आकडा वाईट म्हणता येत नाही, पण अभ्यासात सामील झालेले लोक संशोधकाच्या भिडेखातरही अ‍ॅप उघडत राहतात, हे लक्षात घ्यावे. प्रबंधात छेद नेहमी चाळीसचाच ठेवावा आणि कोण कोणत्या आठवड्यात थांबले याचा आलेख द्यावा. पहिल्या दोन दिवसांत सोडून जाणारे आणि चौथ्या आठवड्यात सोडून जाणारे यांची कारणे सहसा वेगळी असतात.

वापरसुलभतेच्या प्रश्नावलीबद्दल थोडक्यात. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही दहा विधानांची पट्टी झटपट आणि भरवशाची आहे. मात्र तिचे गुण म्हणजे टक्केवारी नव्हे. आजवरच्या अभ्यासांची सरासरी सुमारे ६८ येते, त्यामुळे ८२ हे चांगलेच गुण आहेत. ते एवढेच सांगतात की समोर बसलेल्या बारा जणांना अ‍ॅप वापरताना अडचण वाटली नाही. ‘मोबाइल अ‍ॅप रेटिंग स्केल’ २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झाली. तिचे २३ घटक आहेत आणि गुंतवून ठेवणे, कार्यक्षमता, देखणेपणा व माहितीची गुणवत्ता या अंगांनी प्रशिक्षित परीक्षक तिच्यावरून गुण देतात. बाजारात आधीच असलेल्या दहा-वीस अ‍ॅपची तुलना करायची असेल तर ती उत्तम. स्वतःच्या एका अ‍ॅपला स्वतःच गुण देण्यासाठी तिचा उपयोग होईल असे मला वाटत नाही. सामान्य वापरकर्त्यांसाठी तिची छोटी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली आहे. ती वापरावी, पण सोडून गेलेल्यांकडूनही भरून घेता आली तरच.

मी आपल्या जागी असतो तर कागदावर एक साखळी मांडली असती. माणूस रक्तदाब मोजतो, आकडा लिहितो, लिहिलेले पुन्हा पाहतो, त्यावरून तो किंवा त्याचे डॉक्टर काही ठरवतात, ठरवलेले अमलात येते आणि मग कधीतरी रक्तदाब उतरतो. आपल्या अ‍ॅपचा जोर पहिल्या तीन कड्यांवर आहे. चौथ्या कडीशी, म्हणजे निर्णयाशी, त्याचा संबंध त्या अहवालापुरता येतो. अनेक चाचण्यांतील व्यक्तिगत नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये झालेल्या विश्लेषणात असे दिसले की नुसते घरी मोजल्याने वर्षअखेरीस रक्तदाबात जवळजवळ फरक पडत नाही, पण मोजण्याला औषधांच्या फेरआखणीची किंवा सातत्याच्या सल्ल्याची जोड मिळाली की घट सरासरी ६ मिमीपर्यंत जाते. तेव्हा सहा आठवड्यांच्या अभ्यासात रक्तदाब मोजत बसण्यापेक्षा, किती जणांनी अहवाल खरोखर डॉक्टरांना दाखवला आणि त्या भेटीत काही बदलले का, हे विचारणे आपल्या आवाक्यातले आहे आणि त्यातून अधिक कळेल.

नियंत्रित चाचणी आज नको. चाळीस माणसांत ती केली तर उत्तर ‘सांगता येत नाही’ असेच येईल. शिवाय चाचणीसाठी अ‍ॅप गोठवून ठेवावे लागते आणि आपल्या अ‍ॅपमध्ये अजून बरेच बदल व्हायचे आहेत. चाचणीची वेळ येईल तेव्हा तुलनेसाठीचा गट ‘काहीच नाही’ असा न ठेवता साध्या वहीचा ठेवावा. तंत्रज्ञानाची भर घातली की परिणाम वाढतोच असे नाही. वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुणांच्या २०१६ मधील दोन वर्षांच्या चाचणीत अंगावर घालून हालचाल मोजणारे यंत्र दिलेल्या गटाचे वजन सरासरी साडेतीन किलोने उतरले, तर यंत्राशिवाय संकेतस्थळावर स्वतःच नोंद ठेवणाऱ्या गटाचे ५.९ किलोने.


उत्तर : रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि रक्तदाबाच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षे काम करते. ‘रोज उघडले का’ हा निकष मला मुळातच चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण तांत्रिक नसून वैद्यकीय आहे.

घरच्या मोजणीबद्दल आम्ही रुग्णाला जे सांगतो ते असे : भेटीच्या आधीचे चार ते सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात. रक्तदाब स्थिर असेल तर पुढचे काही आठवडे रोज मोजण्याची गरज नसते. म्हणजे आम्ही ज्याला शहाणा रुग्ण म्हणतो, तो दुसऱ्या आठवड्यात आपले अ‍ॅप उघडणारच नाही आणि आपल्या आलेखात गळती म्हणून दिसेल. उलट दिवसातून आठ वेळा मोजणारा, आकडा वाढला म्हणून घाबरून लगेच पुन्हा मोजणारा आणि त्या घबराटीनेच तो आणखी वाढवून घेणारा रुग्ण आपल्याकडे आदर्श वापरकर्ता ठरेल. अशा दोघा-तिघांना मी स्वतः यंत्र काही दिवस कपाटात ठेवायला सांगितले आहे.

दुसरा मुद्दा नोंदींच्या खरेपणाचा. जुनाट वेदना असलेल्या रुग्णांना कागदी नोंदवह्या देऊन, त्या केव्हा उघडल्या जातात हे टिपणारे प्रकाशसंवेदक त्यांत गुपचूप बसवले होते. त्याचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या लिहिण्याप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या, प्रत्यक्षात त्या होत्या ११ टक्के. बाकीच्या मागाहून, बहुधा भेटीच्या आदल्या रात्री, एका बैठकीत भरलेल्या. रुग्ण खोटारडे असतात असा याचा अर्थ मी काढत नाही. आम्हाला नाराज करायला त्यांना नको वाटते, इतकेच. अ‍ॅपमध्ये मागच्या तारखेची नोंद करण्याची सोय असावीच, पण मोजण्याची वेळ आणि लिहिण्याची वेळ या दोन्ही वेगवेगळ्या जपून ठेवाव्यात आणि अहवालात तो फरक दिसावा.

नोंद घेण्याआधी पाच मिनिटे शांत बसलात का, पाठ टेकलेली होती का, दंड हृदयाच्या पातळीवर होता का, पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, हे अ‍ॅप कुठेतरी विचारते का? पट्टा लहान पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, आणि मग त्या चुकीच्या आकड्याची सुबक आलेखरेषा काढून उपयोग काय? हे दर वेळी विचारू नये, लोक वैतागतात. पहिल्या दिवशी नीट दाखवावे आणि पुढे आकडे अचानक बदलले तरच पुन्हा विचारावे.

रंगांबद्दलही सांगते. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या सरासरीची मर्यादा १३५/८५ धरतात आणि दवाखान्यातल्या मोजणीची १४०/९०. आपल्या अ‍ॅपमध्ये कोणती मर्यादा ओलांडली की आकडा लाल होतो, आणि एकट्यादुकट्या आकड्याला लाल करता की आठवड्याच्या सरासरीला, हे तपासा. १८०/१२० च्या वरचा आकडा दिसला तर नुसता लाल रंग पुरेसा नाही. पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि छातीत दुखणे, दम लागणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे, हे तिथेच मोठ्या अक्षरांत लिहिलेले हवे.

आणि अहवाल एका पानाचा ठेवा. भेटीला मिळणाऱ्या थोड्या मिनिटांत डॉक्टर तीस आलेख पाहत नाहीत. सकाळची सरासरी, संध्याकाळची सरासरी, किती मोजण्यांवरून ती काढली, आणि चुकलेल्या गोळ्या, एवढेच ते शोधतात.


उत्तर : अपूर्णविराम

मी आरोग्यविषयक सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा सुरक्षिततेपुरतेच बोलतो. वरच्या दोन्ही उत्तरांत ती राहून गेली आहे आणि प्रबंधांतही ती बहुधा राहूनच जाते.

इन्सुलिनची मात्रा काढून देणाऱ्या ४६ अ‍ॅपची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ४२ अ‍ॅप, भरलेला आकडा शक्य कोटीतला आहे की नाही हेच पाहत नव्हती, आणि ३१ अ‍ॅपमधून चुकीची मात्रा सुचवली जाण्याचा धोका आढळला. त्यांतली अनेक दिसायला देखणी आणि वापरायला सोपी असणार. आपले अ‍ॅप मात्रा सुचवत नाही, हे चांगले आहे. तरीही वरचा आणि खालचा आकडा उलट भरला, १३२ ऐवजी १३२० लिहिले, किंवा रक्तदाबाच्या जागी नाडीचे ठोके लिहिले, तर काय होते? पुढे रक्तशर्करेची नोंद जोडणार असाल तर एककाची चौकट आजच नक्की करा. काही यंत्रे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दाखवतात, काही मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोहोंत अठरा पटींचा फरक आहे. अंक लिहिण्याचा कळफलक देवनागरी असेल तर ‘१३२’ हा आपल्या प्रणालीला आकडा वाटतो की अक्षरे, हेही पाहावे. माझ्या एका जुन्या कामात तो अक्षरे वाटत होता आणि कुठलीही सूचना न देता नोंद शून्य म्हणून साठत होती. ती चूक चाचणीत सापडली नाही, कारण चाचणी घेणाऱ्या आम्हा सर्वांचे कळफलक इंग्रजी अंकांचे होते.

येथेच त्या बारा जणांचा प्रश्न येतो. पाच वापरकर्ते घेतले की ८५ टक्के अडचणी सापडतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांच्या आधाराने सर्रास लिहिले जाते, पण त्या हिशेबात प्रत्येक अडचण सरासरीने ३१ टक्के लोकांना भेटते असे गृहीत धरलेले आहे. जी अडचण दहांतून एकालाच येते, ती पाच जणांच्या चाचणीत दिसण्याची शक्यता ४१ टक्के आणि बारा जणांच्या चाचणीत सुमारे ७२ टक्के असते. शंभरातून एकाला येणारी अडचण बारा जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम ११ टक्के. धोकादायक चुका बहुधा या शेवटच्या प्रकारच्या असतात. म्हणून त्या माणसांवर सोडून देऊ नयेत, स्वतः बसून मुद्दाम चुकीचे भरत जावे आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे चुकले तर कोणाला काय इजा होईल’ असे लिहून काढावे. वैद्यकीय उपकरणांसाठी जोखीम-व्यवस्थापनाचे आयएसओ १४९७१ हे मानक याच पद्धतीने चालते. प्रबंधात त्याचे छोटे रूप पुरेल.

फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगण्याची कल्पना कोणी सुचवलीच, तर ठाम नकार द्यावा. असा दावा करणारे एक अ‍ॅप काही काळ बरेच खपले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, रक्तदाब वाढलेल्यांपैकी जवळजवळ पाचांतल्या चौघांना त्याने सर्व ठीक असल्याचे सांगितल्याचे आढळले. दंडावरच्या यंत्रांसाठीचे मानक किमान ८५ व्यक्तींवर पडताळणी मागते आणि सरासरी त्रुटी ५ मिमीच्या आत असावी असा त्याचा दंडक आहे. अ‍ॅपच्या दुकानातले तारे यातले काहीच सांगत नाहीत.

माहिती कुठे जाते, हाही मूल्यमापनाचाच भाग आहे. औषधांविषयीच्या २४ अ‍ॅपची तपासणी २०१९ मध्ये झाली तेव्हा १९ अ‍ॅप वापरकर्त्यांची माहिती बाहेर पाठवत असल्याचे दिसले. पुष्कळदा निर्मात्याला ते धडपणे माहीतही नसते, कारण ती गळती त्याने सोयीसाठी जोडलेल्या तयार सॉफ्टवेअर-संचातून होते. आपण ‘रोज किती जणांनी उघडले’ हे मोजण्यासाठी कोणता संच जोडला आहे, ते एकदा पाहावे.


उत्तर : सतरावे_वर्ष

मला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आणि आपल्या हिशेबात जे एकोणतीस जण आहेत त्यांच्या जातकुळीतला मी आहे. आजवर चार अ‍ॅप घेतली आणि चारही सोडली.

पहिले सोडले ते शाबासकीमुळे. सलग वीस दिवस नोंद केली म्हणून पडद्यावर फुले उधळली गेली. एकविसाव्या दिवशी घरात आजारपण होते, नोंद राहिली आणि गणती पुन्हा शून्यावर आली. त्या वीस दिवसांचे आकडे आत होते, माझा रक्तदाबही ठीक होता, तरी काहीतरी गमावल्यासारखे वाटले आणि मग उघडावेसेच वाटेना. दुसऱ्याचे सांगतो. त्यातल्या सूचना एखाद्या चिडलेल्या शिक्षकाच्या सुरात असत. तिसरे अ‍ॅप उत्तम होते, ते फोन बदलला तेव्हा जुन्या नोंदींसकट गेले. चौथे मात्र मी समाधानाने बंद केले, कारण तीन महिन्यांत कोणत्या गोष्टीने माझी साखर चढते हे मला पाठ झाले होते. त्या निर्मात्यांच्या तक्त्यात माझी ही चारही सोडणी एकाच रकान्यात गेली असेल.

म्हणून विनंती एवढीच की त्या लोकांना फोन करावा. प्रश्नावली पाठवू नये, ज्याने अ‍ॅप सोडले तो प्रश्नावली कशाला भरेल? आणि ‘अ‍ॅप का सोडले’ असेही विचारू नये, त्यात जाब विचारल्यासारखे वाटते. ‘आता रक्तदाब कसा पाहता’ असे विचारले तर माणूस मोकळेपणाने बोलतो.


उत्तर : ताळेबंद

गळतीबद्दलचे रात्रपाळी आणि सतरावे_वर्ष यांचे मुद्दे मान्य करूनही एक सावधगिरी सुचवतो. ‘सोडून गेले म्हणजे काम झाले’ ही समजूत निर्मात्याच्या फार सोयीची आहे, आणि निकाल पाहिल्यानंतर ती स्वीकारली तर कोणतेही अ‍ॅप कधीच फसणार नाही. आरोग्य-मानसशास्त्रज्ञ लुसी यार्डली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘परिणामकारक सहभाग’ ही कल्पना मांडली. उद्दिष्ट साधण्यासाठी जेवढा वापर पुरेसा आहे तेवढाच मोजावा, असा तिचा आशय आहे. मात्र तो ‘पुरेसा’ आकडा आधी ठरवून लिहून ठेवावा लागतो. रात्रपाळी यांच्या सांगण्यावरून तो असा ठरवता येईल : भेटीच्या आधीच्या आठवड्यात किमान चार दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मोजण्या, आणि त्यांचा अहवाल भेटीत दाखवलेला. पुढच्या टप्प्यात किती जणांनी हे पूर्ण केले, ते मोजावे. या टप्प्यातल्या चाळीस जणांना मात्र हा निकष मागाहून लावून त्याला यश म्हणू नये.

अपूर्णविराम यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. चुकीच्या नोंदी शोधताना सरासऱ्यांकडे न पाहता एकेका व्यक्तीच्या कच्च्या आकड्यांकडे पाहावे. अकराच माणसे आहेत, एका संध्याकाळचे काम आहे.


पुन्हा : नवखी_संशोधक

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण त्या वेळात फोन करत होते.

एकोणतीसपैकी एकवीस जण बोलले. ‘आता रक्तदाब कसा पाहता’ याच प्रश्नाने सुरुवात केली आणि त्याचा फरक पहिल्या दोन फोनमध्येच कळला. आठ जणांना, आकडे स्थिर असल्यामुळे रोज मोजण्याची गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पाच जण पुन्हा वहीकडे वळले आहेत. त्यांतल्या तिघांना वही घरातल्या इतरांनाही दिसते, हे तिचे मोठेपण वाटते, आणि हा विचार मी डिझाइन करताना केलाच नव्हता. चौघांनी लाल आकड्यांच्या भीतीने थांबवले. तपासले तेव्हा कळले की मी दवाखान्याची १४०/९० ही मर्यादा घेतली होती आणि ती प्रत्येक सुट्या आकड्याला लावली होती, म्हणजे एकाच जागी दोन चुका. तिघांचे फोन बदलले आणि खाते परत मिळवता आले नाही. एका बाईंनी सांगितले की अक्षरे दिसत नव्हती, पण प्रयोगाच्या वेळी मला वाईट वाटेल म्हणून त्या बोलल्या नाहीत. माझ्या बारा जणांच्या चाचणीत त्याही होत्या आणि त्यांनी नव्वदच्या वर गुण दिले होते.

मग ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे अकरा जणांचे कच्चे आकडे पाहायला बसले. दहा खात्यांत काही विशेष नव्हते. अकराव्या खात्यात पहिले तीन आठवडे वरचा आकडा १५८ च्या आसपास होता आणि चौथ्या आठवड्यापासून तो एकदम १२४ वर आला होता. मध्ये उतार नाही, थेट पायरीच. त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, मी तर केव्हाच थांबवले, आता माझी पत्नी मोजते, फोन घरात एकच आहे. दोघांचे आकडे एकाच नावाखाली, एकाच आलेखात आणि एकाच अहवालात गेले होते, आणि सुदैवाने तो अहवाल अजून कोणत्याही डॉक्टरांनी पाहिलेला नव्हता. ते खाते वगळल्यावर उरलेल्या दहा जणांची घट ९ ची साडेसहा झाली, आणि त्या साडेसहातले अ‍ॅपचे किती, हे मला अर्थातच सांगता येत नाही.

प्रबंधातून परिणामकारकतेचा दावा काढून टाकला आहे. मार्गदर्शकांनी थोड्या नाराजीने होकार दिला. त्याच्या जागी सोडून गेलेल्यांचे प्रकरण येईल, आणि पुढच्या टप्प्यासाठी ‘चार दिवस, दोन वेळा, दाखवलेला अहवाल’ हा निकष आधीच लिहून ठेवला आहे. नोंदीच्या पानावर आता सर्वांत वर ‘हा आकडा कोणाचा?’ अशी ओळ आहे. त्यामुळे प्रत्येक नोंदीला एक पायरी वाढली आणि वापरसुलभतेचे गुण बहुधा ८२ च्या खाली येतील.